पडलेले ‘सीगल’ पुन्हा उभे राहिले तेव्हा

१७ डिसेंबर १८९८ची रात्र. मॉस्कोतील कारेत्नी रियाद भागातल्या हर्मिटेज नाट्यगृहात ‘सीगल’च्या पहिल्या अंकाचा पडदा पडला आणि प्रेक्षागृहात काहीच घडले नाही. टाळी नाही, शिट्टी नाही, कुजबुजही नाही. पडद्याआड नटमंडळी जागच्या जागी खिळून उभी होती. आर्कादिनाची भूमिका करणारी ओल्गा क्निपर हुंदका कसाबसा आवरत होती. मन शांत राहावे म्हणून बहुतेकांनी प्रयोगापूर्वी व्हॅलेरियनचे थेंब घेतले होते आणि त्या औषधाचा उग्र वास रंगमंचावर भरून राहिला होता. त्रिगोरिनच्या भूमिकेतला स्तानिस्लावस्की प्रेक्षकांकडे पाठ करून बसला होता. पायाची थरथर दिसू नये म्हणून त्याला तो हाताने दाबून धरावा लागत होता. नाटक पडले, अशी सर्वांची खात्री झाली. मंडळी मुकाट्याने विंगेकडे वळू लागली, तोच बाहेर टाळ्यांचा असा काही कडकडाट उठला की, पडदा उघडल्यावर प्रेक्षकांना लवून अभिवादन करायचे असते याचेही भान कोणाला राहिले नाही.

ज्याचे हे नाटक होते तो त्या क्षणी हजाराहून अधिक किलोमीटर दक्षिणेला, काळ्या समुद्राकाठच्या याल्टा गावात होता. अन्तोन पाव्हलोविच चेकॉव्ह तेव्हा ३८ वर्षांचा होता. क्षयाने त्याची फुप्फुसे पोखरली होती आणि मॉस्कोचा हिवाळा त्याला वर्ज्य झाला होता. तो स्वतः डॉक्टर असल्यामुळे त्या पथ्याचा खरा अर्थ त्याला इतरांपेक्षा अधिक कळत होता. हेच नाटक दोन वर्षांपूर्वी सेंट पीटर्सबर्गमध्ये सपशेल आपटले होते. त्या रात्रीनंतर नाटकाच्या वाटेला पुन्हा जायचे नाही, असा निश्चय त्याने केला होता. तो निश्चय मोडायला लावणारी ही दुसरी उभारणी आज जागतिक रंगभूमीच्या इतिहासातील एक मोठी घटना मानली जाते. (या लेखातील रशियातल्या घटनांच्या तारखा तेव्हा तेथे रूढ असलेल्या जुन्या कालगणनेनुसार आहेत. ती आपल्या आजच्या कॅलेंडरपेक्षा एकोणिसाव्या शतकात १२ आणि विसाव्या शतकात १३ दिवसांनी मागे होती.)

चेकॉव्हचे घराणे भूदासांचे. जमिनीबरोबर माणसांचीही खरेदी-विक्री होण्याच्या त्या काळात त्याच्या आजोबांनी पैसा साठवून १८४१ मध्ये स्वतःची आणि कुटुंबाची मुक्तता विकत घेतली. वडील पावेल येगोरोविच यांनी अझॉव्ह समुद्रावरच्या तागानरोग या बंदराच्या गावी किराणा मालाचे दुकान थाटले. तेथेच १७ जानेवारी १८६० रोजी अन्तोनचा जन्म झाला. वडील कमालीचे धर्मनिष्ठ. चर्चमधील गायकवृंदाची त्यांना मोठी हौस आणि त्या गायनासाठी मुलांना पहाटे उठवून उभे करण्यात त्यांना काही गैर वाटत नसे. मारहाण नित्याची. दुकानाच्या थंडगार गल्ल्यावर बसून शाळेचा अभ्यास करणाऱ्या या मुलाला विरंगुळा होता तो गावातल्या नाट्यगृहाचा. शाळकरी मुलांना तेथे जायला शाळेची परवानगी लागे. ती नसली तर वेष पालटून, कॉलर वर करून वरच्या स्वस्त सज्जात जाऊन बसायचे, असा या मुलांचा खाक्या होता.

१८७६ मध्ये वडिलांचे दिवाळे वाजले. कर्ज फेडता न आल्याने कैद होण्याची भीती होती. ते रातोरात मॉस्कोला निघून गेले. कुटुंब मागोमाग गेले. शिक्षण पुरे करण्यासाठी सोळा वर्षांचा अन्तोन मात्र तागानरोगमध्येच मागे राहिला. तीन वर्षे त्याने शिकवण्या करून, घरातले किडूकमिडूक विकून दिवस काढले आणि जमेल तेव्हा मॉस्कोला पैसेही पाठवले. १८७९ मध्ये मॉस्को विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी तो दाखल झाला, तेव्हा घरातला तिसरा मुलगा असूनही कर्तेपण त्याच्याच खांद्यावर येऊन पडले. विनोदी साप्ताहिकांना ओळीच्या दराने चुटके आणि छोट्या गोष्टी पुरवणे हा त्याने स्वीकारलेला मार्ग. ‘अन्तोशा चेखोन्ते’ या टोपणनावाने त्याने शेकडो गोष्टी लिहिल्या. १८८४ मध्ये तो डॉक्टर झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्या खोकल्यातून पहिल्यांदा रक्त पडले. ते क्षयाचे नाही, असे तो पुढे तेरा वर्षे इतरांना आणि बहुधा स्वतःलाही सांगत राहिला. १८८९ मध्ये चित्रकार भाऊ निकोलाय क्षयाने गेला. त्याची शुश्रूषा करणाऱ्या डॉक्टराला आपल्या पुढ्यात काय आहे हे दिसले नसेल, असे मानणे कठीण आहे.

दरम्यान लेखक म्हणून त्याचे नाव झाले होते. ज्येष्ठ कादंबरीकार ग्रिगोरोविच यांनी १८८६ मध्ये आपण होऊन पत्र लिहून त्याला आपल्या गुणांची कदर करण्याचा सल्ला दिला. ‘नोव्होये व्रेम्या’ या बड्या वृत्तपत्राचा मालक सुव्होरिन याने त्याला जवळ केले. १८८८ मध्ये पुश्किन पुरस्कार मिळाला. नाटकांच्या बाबतीत मात्र ग्रह वक्रच होते. १८८७ मध्ये मॉस्कोत आलेल्या ‘इव्हानॉव्ह’वर उलटसुलट वाद झाले, तर १८८९ मधील ‘वुड डेमन’ साफ पडले. १८९० मध्ये तो सैबेरिया ओलांडून साखालिन या कैद्यांच्या बेटावर गेला आणि तेथे तीन महिने राहून त्याने सुमारे दहा हजार कैदी आणि वसाहतकऱ्यांची एकट्याने शिरगणती केली. नाटकाशी या प्रवासाचा थेट संबंध नाही. पण रक्त ओकणारा एक नामांकित लेखक कोणी न सांगता घोडागाडीने, चिखलातून हजारो किलोमीटर जातो, तेव्हा त्याच्या पुढच्या अबोल, हट्टी वागण्याचा काहीसा उलगडा होतो.

१८९२ मध्ये त्याने मॉस्कोच्या दक्षिणेला मेलिखोवो येथे छोटीशी इस्टेट विकत घेतली. भूदासाचा नातू जमीनदार झाला, याची त्याला स्वतःलाच गंमत वाटे. कॉलऱ्याच्या साथीत पंचवीस खेडी त्याच्याकडे होती. त्याबद्दल त्याने वेतन घेतले नाही. पहाटेपासून दारात रुग्णांची रांग लागे. त्या परिसरात त्याने तीन शाळा बांधून घेतल्या. घरात पाहुण्यांचा राबता इतका वाढला की लिहिण्यासाठी बागेत लाकडी खोपटेवजा घर बांधावे लागले. १८९५ च्या शरद ऋतूत तेथेच ‘सीगल’चा जन्म झाला.

रशियन भाषेत ‘चायका’ म्हणजे पाण्यावर झेपावणारा तो पांढरा पक्षी. नाटकातला तरुण लेखक त्रेप्ल्येव तो उगाचच मारतो आणि नीनाच्या पायाशी आणून ठेवतो. नीनाला नटी व्हायचे आहे. त्रेप्ल्येवची आई आर्कादिना ही गाजलेली अभिनेत्री आहे आणि तिचा प्रियकर त्रिगोरिन नामवंत लेखक. नीना त्रिगोरिनमागे जाते, तो तिला सोडून देतो, तिचे मूल दगावते. ती मात्र रंगभूमी सोडत नाही. शेवटी पडद्याआड गोळीचा आवाज होतो. एवढे सगळे असूनही चेकॉव्हने मुखपृष्ठावर लिहिले ते ‘चार अंकी कॉमेडी’.

यातले बरेच काही त्याच्या आसपास घडलेले होते. १८९२ मध्ये त्याचा मित्र, निसर्गचित्रकार लेव्हितान याने शिकारीत एका पक्ष्याचा पंख जायबंदी केला, मग त्याच्याने पुढचे काही होईना. अखेर त्याच्या विनवणीवरून चेकॉव्हला तो पक्षी संपवावा लागला. १८९५ च्या उन्हाळ्यात याच लेव्हितानने प्रेमाच्या गुंत्यातून स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि उपचारासाठी चेकॉव्हला धावत जावे लागले. लीका मिझिनोवा ही बहिणीची देखणी मैत्रीण वर्षानुवर्षे चेकॉव्हच्या शब्दाची वाट पाहत राहिली. तो शब्द आला नाही. मग ती पोतापेन्को या विवाहित लेखकाच्या प्रेमात पडली, त्याच्या मागे पॅरिसला गेली, तिला मुलगी झाली आणि तो तिला सोडून गेला. ती मुलगीही १८९६च्या नोव्हेंबरात दगावली. म्हणजे नाटकात मूल दगावले ते आधी आणि प्रत्यक्षात दगावले ते नंतर. लीकाच्या वाट्याला आलेल्या दुःखाचा आपल्या लेखनासाठी असा वापर करताना चेकॉव्हने तिच्या मनाचा किती विचार केला, हा प्रश्न त्याच्या चाहत्यांनाही टाळता येत नाही. त्रिगोरिन भेटेल त्या माणसाची टिपणवहीत नोंद करीत असतो. चेकॉव्हही टिपणवही बाळगत असे.

‘सीगल’चा पहिला प्रयोग १७ ऑक्टोबर १८९६ रोजी पीटर्सबर्गच्या सरकारी अलेक्सांद्रिन्स्की नाट्यगृहात झाला आणि तो ठरवताना जेवढ्या म्हणून चुका करता येतील तेवढ्या केल्या गेल्या. तो दिवस होता लेव्हकेयेवा या लोकप्रिय विनोदी नटीच्या रंगभूमीवरील पंचवीस वर्षांच्या गौरवाचा. ‘सीगल’मध्ये तिची भूमिकाच नव्हती, ती नंतरच्या एका हलक्याफुलक्या नाटकात येणार होती. पण तिकिटे काढली होती ती तिच्या चाहत्यांनी, आणि ते पोट धरून हसायला आले होते. तालमींना जेमतेम आठवडाभर मिळाला. नीनाची भूमिका प्रथम सावीना या वजनदार अभिनेत्रीकडे होती. तिने ऐन वेळी ती परत केली आणि व्हेरा कोमिसारझेव्हस्काया या तरुण नटीकडे ती आली. तिने तालमीत जीव ओतला, हे चेकॉव्हने पाहिले होते. इतर नट मात्र ठरलेल्या शैलीत, ठरलेल्या हातवाऱ्यांनी संवाद म्हणत होते. एवढे नाटकी करू नका, साधे बोला, असे तो कोपऱ्यात बसून सांगत राहिला. पण साधे बोलायचे म्हणजे काय करायचे, हे त्या काळच्या मोठ्या नटांना कोणी शिकवलेले नव्हते.

पहिल्या अंकात नीना त्रेप्ल्येवने लिहिलेले गूढ स्वगत म्हणू लागली आणि हशा पिकला. मग हशा थांबेना. गंभीर जागी खसखस, शांत जागी टोमणे, अंक संपल्यावर हुर्यो. कोमिसारझेव्हस्कायाचा आवाज बसल्यासारखा झाला. चेकॉव्ह प्रेक्षागृहातून उठला आणि रंगमंचामागच्या खोलीत जाऊन बसला. प्रयोग संपताच कोणालाही न सांगता बाहेर पडला. एका हॉटेलात एकट्याने जेवून तो मध्यरात्रीनंतर बराच वेळ पीटर्सबर्गच्या गारठ्यात भटकत होता. त्याला शोधायला माणसे धाडली गेली होती. रात्री दोनच्या सुमारास तो सुव्होरिनच्या घरी परतला, पांघरूण डोक्यावर ओढून घेतले आणि दिवा लावू दिला नाही. आणखी सातशे वर्षे आयुष्य मिळाले तरी रंगभूमीला नाटक देणार नाही, अशा अर्थाचे काहीतरी तो त्या अंधारातून बोलला. दुसऱ्या दिवशी मिळेल त्या गाडीने तो मेलिखोवोला निघून गेला.

यातला विपर्यास असा की, दुसरा प्रयोग चांगला झाला. २१ ऑक्टोबरला विनोदी नटीचे चाहते नव्हते, साधे तिकीट काढून आलेले प्रेक्षक होते आणि त्यांनी नाटक उचलून धरले. कोमिसारझेव्हस्कायाने त्याच रात्री हर्षभराने पत्र लिहून त्याला ते कळवले. चेकॉव्हचा विश्वास बसला नाही. मित्रमंडळी समजूत काढत आहेत, असेच त्याने धरून चालले. पाच प्रयोगांनंतर नाटक फलकावरून उतरले.

पाच महिन्यांनी, २२ मार्च १८९७ रोजी, मॉस्कोच्या हर्मिटेज हॉटेलात सुव्होरिनबरोबर जेवायला बसला असताना त्याच्या तोंडातून रक्ताचा लोंढा आला. प्राध्यापक ओस्त्रोउमॉव्ह यांच्या रुग्णालयात त्याला दाखल करण्यात आले. फुप्फुसांच्या वरच्या भागात क्षय असल्याचे निदान आता कागदावर उतरले. टॉल्स्टॉय तेथे त्याला भेटायला गेले आणि अमरत्वाविषयी बराच वेळ बोलत बसले. पाहुणे गेल्यावर रुग्णाला पुन्हा रक्त पडले. पीटर्सबर्गची ती रात्र नसती तर हा आजार बळावला नसता, असे त्याच्या जवळच्या काहींना वाटे. वैद्यकशास्त्र ते मान्य करणार नाही. क्षय बारा-तेरा वर्षे आत होताच. पण त्याची बहीण माशा हिच्या मनात मात्र ‘सीगल’ आणि रक्त या दोन गोष्टी कायमच्या जोडल्या गेल्या आणि पुढे त्याला महत्त्व आले. त्या वर्षीचा हिवाळा त्याला फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीस येथे काढावा लागला. ड्रायफस प्रकरणी त्याने तेथून झोलाची बाजू घेतली आणि ज्यूद्वेष पसरवणाऱ्या सुव्होरिनच्या वृत्तपत्राशी असलेला त्याचा जुना स्नेह आटला.

इकडे मॉस्कोत वेगळेच काही शिजत होते. व्लादिमीर नेमिरोविच-दान्चेन्को हा नाटककार एका नाट्यशाळेत शिकवत असे. आपल्या नाटकाला ग्रिबोयेदॉव्ह पारितोषिक मिळाले तेव्हा ते ‘सीगल’ला मिळायला हवे होते, असे म्हणण्याइतका तो दिलदार होता. दुसरा कोन्स्तांतिन स्तानिस्लावस्की. खरे आडनाव अलेक्सेयेव. सोन्याचांदीची जरतार तयार करणाऱ्या सधन घराण्यातला हौशी नट आणि दिग्दर्शक. २२ जून १८९७ रोजी दुपारी दोन वाजता दोघे ‘स्लाव्यान्स्की बाजार’ या उपाहारगृहात भेटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला स्तानिस्लावस्कीच्या गावाबाहेरच्या घरात त्यांचे बोलणे संपले. अठरा तासांच्या त्या बैठकीतून मॉस्को आर्ट थिएटरची कल्पना निघाली. आज नायक असलेला नट उद्या दोन वाक्यांची भूमिका करील, तालमी महिनोन्‌महिने होतील, नेपथ्य त्या त्या नाटकासाठीच तयार होईल; आपल्याला आज साध्या वाटणाऱ्या या अटी तेव्हा बंडखोरीच्या होत्या.

१८९८ च्या वसंतात नेमिरोविचने ‘सीगल’ मागितले. चेकॉव्हने नकार दिला. पुन्हा तोच मनस्ताप सोसण्याची ताकद आपल्यात नाही, असा त्याचा सूर होता. नेमिरोविचने पुन्हा लिहिले. हे नाटक मिळाले नाही तर आपल्या नव्या नाट्यगृहाला अर्थ उरणार नाही, असा गळ घातला. अखेर चेकॉव्ह वरमला. नवल म्हणजे, ज्याला ते बसवायचे होते त्या स्तानिस्लावस्कीला नाटक कळलेच नव्हते. यात घडते काय, असा त्याचा प्रश्न होता. तरीही नेमिरोविचवर विसंबून तो खारकॉव्हजवळच्या भावाच्या इस्टेटीवर गेला आणि तेथून त्याने अंकामागून अंक बसवणुकीचा आराखडा लिहून पाठवला. कोण कोठे बसेल, कोण किती वेळ गप्प राहील, कोठे सिगारेट पेटेल, तळ्यावर बेडूक कधी ओरडतील, दूर कुत्रा कधी भुंकेल, हे सारे त्यात होते. न कळलेल्या नाटकावर त्याने रंगभूमीच्या इतिहासातील एक अत्यंत बारकाईची प्रयोगसंहिता लिहिली.

मंडळींच्या तालमी उन्हाळ्यात मॉस्कोबाहेर पुश्किनो येथील एका लाकडी कोठारात झाल्या होत्या. सप्टेंबरात ती शहरात आली आणि ९ तारखेला चेकॉव्ह तालमीला आला. नट बिचारे घाबरून गेले. त्रेप्ल्येव करणारा मेयरहोल्ड अवघा २४ वर्षांचा होता. पुढे तोच रशियन रंगभूमीवरील मोठा क्रांतिकारक दिग्दर्शक झाला. लेखक आपल्याला नाटकाचा अर्थ समजावून सांगेल, अशी सर्वांची अपेक्षा होती. चेकॉव्हने चष्म्याशी चाळा करीत एखाददुसरे तुटक वाक्य टाकले, इतकेच. बेडूक आणि कुत्र्यांच्या आवाजाबद्दल कोणीतरी अभिमानाने सांगितले, तेव्हा ते कशासाठी, असे त्याने विचारले. खऱ्यासारखे वाटावे म्हणून, असे उत्तर आले. त्यावर त्याने क्राम्स्कोयच्या एखाद्या चित्रातले रंगवलेले नाक कापून तेथे खरे नाक बसवले तर काय होईल, असा दाखला दिला. नाक खरे, पण चित्राचा सत्यानाश! मेयरहोल्डने ते संभाषण टिपून ठेवले. लेखक आणि दिग्दर्शक यांच्यातला पुढच्या सहा वर्षांचा सारा वाद त्या एका नाकात सामावलेला आहे.

त्याच चार-सहा दिवसांत त्याने मंडळींच्या ‘झार फ्योदोर’ या नाटकाचीही तालीम पाहिली. त्यात राणी इरीनाचे काम करणाऱ्या ओल्गा क्निपरचा आवाज आणि डौल त्याच्या मनात घर करून राहिला. मॉस्कोत थांबलो असतो तर या इरीनाच्या प्रेमातच पडलो असतो, अशा आशयाचे त्याने एका पत्रात लिहिले. थांबणे शक्य नव्हते. १५ सप्टेंबरला तो याल्टाच्या वाटेला लागला. महिन्याभरात, १२ ऑक्टोबरला, मॉस्कोत शस्त्रक्रियेनंतर वडील वारले; त्या मरणालाही तो पोहोचू शकला नाही.

आर्ट थिएटर १४ ऑक्टोबरला ‘झार फ्योदोर’ने थाटात उघडले. पण त्यानंतरची नाटके एकामागून एक थंड पडत गेली. हाउप्टमानच्या ‘हानेले’वर चर्चच्या आक्षेपामुळे बंदी आली. तिजोरी रिकामी होऊ लागली आणि सारी भिस्त येऊन पडली ती एकदा पडलेल्या नाटकावर. अशा वेळी प्रयोगाच्या आधी माशा चेकॉव्ह नाट्यगृहात आली. भावाची प्रकृती फार खालावली आहे, हे नाटक दुसऱ्यांदा पडले तर तो धक्का त्याला सोसणार नाही, प्रयोग पुढे ढकला, असे तिने डोळ्यांत पाणी आणून विनवले. स्तानिस्लावस्कीने आपल्या आठवणींत हा प्रसंग सविस्तर सांगितला आहे. प्रयोग रद्द करावा तर नाट्यगृह बंद पडणार. करावा आणि तो पडला तर कदाचित माणूस दगावणार. रंगमंचावर त्या रात्री जो व्हॅलेरियनचा वास होता तो केवळ पहिल्या रात्रीच्या धाकधुकीचा नव्हता. नटांना आपण एका आजारी माणसाच्या जिवाशी खेळत आहोत असे वाटत होते.

पहिल्या अंकानंतरची ती शांतता फुटली आणि पुढे प्रत्येक अंकागणिक प्रतिसाद वाढत गेला. प्रयोग संपल्यावर लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. लेखकाला तार करा, असा प्रेक्षकांतून आग्रह झाला आणि रात्रीच याल्टाला तार गेली. हातची संधी मात्र लगेच घेता आली नाही. क्निपर आजारी पडली, पुढचे प्रयोग काही दिवस पुढे गेले आणि दूर याल्टात चेकॉव्हने आपल्या नशिबावर कपाळाला हात लावला. ‘सीगल’ लावले की नटीच आजारी पडते, तेव्हा हे काही आपल्याला लाभत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. प्रयोग पुन्हा सुरू झाले आणि तिकीट खिडकीवर गर्दी लोटली, तेव्हा कोठे तो सावरला.

त्याने स्वतः हा प्रयोग पाहिला तो १ मे १८९९ रोजी, तोही नेपथ्याशिवाय. हंगाम संपला होता, हर्मिटेज हातचे गेले होते. म्हणून केवळ त्याच्यासाठी दुसऱ्या नाट्यगृहात तो लावण्यात आला. आणि त्याला तो पसंत पडला नाही! नीनाचे काम करणारी रोक्सानोवा त्याला मुळीच आवडली नाही. स्तानिस्लावस्कीचा रुबाबदार, पांढऱ्या पोशाखातला, गलितगात्र त्रिगोरिन पाहून त्याने एवढेच सुचवले की, त्रिगोरिनचे बूट फाटके आणि विजार चौकटीची असायला हवी. स्तानिस्लावस्कीला त्याचा अर्थ लागायला वर्ष लागले. नीनासारख्या मुली देखण्या, रुबाबदार माणसाच्या प्रेमात पडत नाहीत. त्या फाटक्या बुटातल्या सामान्य माणसाला मनात महान करून मग त्याच्या प्रेमात पडतात, हे त्या बुटांत होते.

नाटक उभे राहिले होते, पण चेकॉव्हच्या कल्पनेतले ते नव्हतेच. मॉस्कोचे प्रेक्षक डोळे पुसत होते आणि लेखक त्याला कॉमेडी म्हणत होता. यात कोणाची बाजू घ्यावी? बेडूक आणि रातकिडे जरा अतीच झाले असतील. तरीही वाक्यांच्या मधल्या शांततेला पहिल्यांदा किंमत दिली ती स्तानिस्लावस्कीने. पीटर्सबर्गला ती शांतता ऐकूच आली नव्हती. हा गैरसमज झाला नसता तर चेकॉव्ह कदाचित ‘सीगल’वरच थांबला असता. तसे झाले नाही, ही त्या रात्रीची कमाई. २६ ऑक्टोबर १८९९ रोजी याच मंडळींनी ‘अंकल वान्या’ आणले. १९०० च्या एप्रिलमध्ये लेखक मॉस्कोला येऊ शकत नाही म्हणून अख्खे थिएटर नेपथ्यासह क्रिमियात गेले आणि त्याने आपली नाटके तेथे पाहिली. १९०१ च्या जानेवारीत ‘थ्री सिस्टर्स’ आले. ते खास या नटांसाठी लिहिलेले होते आणि त्यात माशाची भूमिका क्निपरची होती.

२५ मे १९०१ रोजी दोघांचे मॉस्कोत गाजावाजा न करता लग्न झाले. मधुचंद्र गेला तो एका आरोग्यधामात, घोडीचे आंबवलेले दूध पिण्यात. त्यानंतरही हिवाळ्यात तो याल्टात आणि ती मॉस्कोच्या रंगमंचावर, अशी विभागणी चालूच राहिली. तिने नाटक सोडून याल्टाला यावे, असे तिला स्वतःलाच अधूनमधून वाटे. त्याने ते कधी मान्य केले नाही. मेलिखोवो विकले गेले होते, सर्व लेखनाचे हक्क ७५ हजार रूबलना मार्क्स या प्रकाशकाला दिले होते, याल्टात घर बांधले होते, बाग लावली होती. तरी ती वस्ती त्याला हद्दपारीसारखीच वाटे. दोघांतली शेकडो पत्रे या अंतरातून निर्माण झाली. १९०२ मध्ये तिचा गर्भपात झाला. मूल झाले नाही.

‘चेरी ऑर्चर्ड’ त्याने रोज चार-सहा ओळी, कधी तेवढ्याही नाही, अशा गतीने १९०३ च्या शरदात पुरे केले. जुना वाद पुन्हा उभा राहिला. स्तानिस्लावस्की वाचून रडला, त्याला ती शोकांतिका वाटली. चेकॉव्हच्या मते ते कॉमेडी, काही जागी तर प्रहसन. शेवटचा अंक बारा मिनिटांत संपायला हवा, तो चाळीस मिनिटे रेंगाळतो, अशी त्याची तक्रार होती. १७ जानेवारी १९०४, म्हणजे त्याच्या ४४ व्या वाढदिवशी, पहिला प्रयोग झाला. लेखनाच्या पंचविशीनिमित्त सत्कार ठरला होता. तो नाट्यगृहात यायला तयार नव्हता, म्हणून मध्येच बोलावणे धाडून त्याला आणण्यात आले. तिसऱ्या अंकानंतर तो रंगमंचावर उभा राहिला, पांढराफटक, खोकला न थांबणारा. बसा, बसा, असे प्रेक्षक ओरडत होते. तो बसला नाही. भाषणांवर भाषणे होत गेली.

जूनमध्ये ओल्गाबरोबर तो जर्मनीतील बाडेनवायलर येथे गेला. २ जुलैच्या पहाटे, आजच्या कॅलेंडरप्रमाणे १५ जुलैला, डॉक्टरांनी शॅम्पेन मागवली. खूप दिवसांत शॅम्पेन घेतली नव्हती, असे म्हणत त्याने पेला संपवला आणि कुशीवर वळला. काही क्षणांत तो गेला. त्याचे पार्थिव ज्या रेल्वे डब्यातून मॉस्कोला आले त्यावर ‘शिंपल्यांसाठी’ अशी पाटी होती. स्थानकावर आलेल्यांपैकी काही जण चुकून त्याच वेळी आलेल्या एका जनरलच्या शवपेटीमागे चालू लागले आणि चेकॉव्हला लष्करी बँडने का नेत आहेत, याचे नवल करीत राहिले. त्यानेच लिहिली असती अशी ती गोष्ट.

आर्ट थिएटर १९०२ मध्ये कामेर्गेर्स्की गल्लीतील नव्या वास्तूत गेले होते. तिची रचना चेकॉव्हचा तरुणपणापासूनचा मित्र शेख्तेल याने केली आणि पडद्यावर लाटांवर झेपावणारा सीगल आला. १९३२ मध्ये या थिएटरला गॉर्कीचे नाव देण्यात आले, पण पडद्यावरचा पक्षी हलला नाही. १९८० मध्ये ओलेग येफ्रेमॉव्हने तेथे ‘सीगल’ पुन्हा उभे केले. १९८७ मध्ये मंडळी फुटली आणि एका थिएटरची दोन झाली. येफ्रेमॉव्हबरोबर जुन्या वास्तूत राहिलेल्या शाखेने दोन वर्षांनी चेकॉव्हचे नाव घेतले. ओल्गा क्निपर तोवर हयात नव्हती. पतीमागे ५५ वर्षे जगून ती १९५९ मध्ये वारली. नोव्होदेविची दफनभूमीत ती त्याच्या शेजारी आहे.